हरणीच्या कुशीतली वाफ

आपली सॉफ्टवेअरवाली मंडळी टोकियोशेजारच्या ग्योतोकुत भराभर येत होती, त्या वर्षांतली गोष्ट. हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि नेमकी तेव्हाच नवऱ्याच्या जपानी साहेबांना आम्हाला शिकार दाखवायची हौस आली. त्यांचं गाव चिबा प्रांताच्या दक्षिणेला, डोंगरात. हरणं शेतं फस्त करतात म्हणून थंडीत रविवारी ते बंदूक घेऊन जायचे. मी म्हटलं, "जा तू एकटा." पण सासूबाई घरात बसून कंटाळल्या होत्या. "डोंगर तरी दिसेल. फक्त त्यांना विचार, जीव लगेच जातो ना?"

गाडीत नवऱ्याने विचारलं. साहेब म्हणाले, जातो. मग दोघांचं गोळ्यांवर जे सुरू झालं ते संपेना, आणि नवरा सगळं उत्साहाने आम्हाला मराठीत सांगत होता. जुनी शिशाची गोळी बोथट, मऊ. आत शिरली की कणकेच्या गोळ्यासारखी चपटी होते, सगळा दणका आतच देते, जनावर जागीच बसतं. पण शिसं मांसात उरतं आणि ते खाऊन गरुड मरतात, म्हणून साहेबांनी यंदा तांब्याची टोकदार गोळी आणली होती. ती वेगात असेल तरच आत उमलते. लांबवर वेग कमी झाला की नुसती आरपार निघून जाते.

"पुरे रे बाबा, डोकं उठलं," सासूबाई म्हणाल्या.

शेताच्या कडेला पत्र्याची शेड होती. साडीवर स्वेटर, स्वेटरवर साहेबांनी दिलेली नारिंगी बंडी, अशा थाटात सासूबाई खुर्चीवर बसल्या. समोरच्या उतारावर, चांगलीच लांब, एक हरणी आली. साहेबांनी बार काढला. हरणी हललीसुद्धा नाही. मान वर करून तिने आमच्याकडे पाहिलं, तोंडातलं चघळून संपवलं आणि शांतपणे बांबूच्या बनात गेली. अगबाई!

"चुकली," मी म्हणाले.

"लागली," साहेब म्हणाले.

पण ते उठेनात. चहा पीत बसले. मागे लागलं तर ती पळत सुटते, एकटी सोडली तर जवळच बसते आणि तिथेच जीव सोडते, असा त्यांचा नियम. जखमी जनावर सोडून मी कधी घरी गेलेलो नाही, असंही म्हणाले, पण चेहरा पडला होता. मग ते आणि नवरा माग काढत गेले. आम्हाला बजावलं, जागचं हलू नका.

पाखरंही गप्प होती. मागे कुणीतरी आहे असं वाटून मी वळले. शेडच्या मागे तीच हरणी बसली होती. कधी आली, पत्ता नाही. पाचोळासुद्धा वाजला नव्हता. डोळे उघडे, आमच्यावर. आणि वाफ तिच्या कुशीतून येत होती, करंगळीएवढ्या भोकातून, श्वासागणिक. मी दोन पावलं मागे सरकले.

सासूबाई मात्र उठल्या.

"आई, हलू नका म्हणालेत ते."

"अगं, जीव जातोय तिचा. तोंडात पाणी नको घालायला?"

आमच्याकडे मरणाऱ्याला कुणी कोरडं जाऊ देत नाही. सासऱ्यांना शेवटचं पाणी त्यांनीच पाजलं होतं. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्या वाकल्या. हरणी ताडकन उठली, झाकण उडालं, आणि ती खाली दरीत पळाली.

साहेब अंधार पडेपर्यंत शोधत होते. आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट सासूबाईंपुढे वाकून त्यांनीच माफी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी सासूबाई जेवल्या नाहीत. "मी उठवली तिला," म्हणत राहिल्या. "पण खाली जाऊन लगेच गेली असेल, नाही का?" आम्ही दोघंही हो म्हणालो.

सकाळी त्या चहा टाकत असताना साहेबांचा फोन आला, ते उजाडताच पुन्हा शोधायला गेले होते.

"आत्ताच सापडली, आई," नवरा म्हणाला. "ओढ्याकाठी." सासूबाईंनी हात जोडले. मग नवरा माझ्याकडे वळून हळूच इंग्रजीत म्हणाला, "बॉडी वॉज स्टिल वॉर्म."

सासूबाईंना तेवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.