भाचीचं लग्न आणि टाकीतला पंप

भाचीच्या लग्नाला निघायच्या सकाळीच आमच्या गाडीनं असहकार पुकारला. स्टार्टर नुसता घरघरत होता. लग्न केडगावला, दुपारचं. अक्षतांच्या वेळी नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं आणि एकुलता एक मामा मांडवगण फराट्यात, फेटा बांधून, बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. त्यातलं काही कळत असल्याचा आव मात्र चांगला आणला होता.

गावातल्या मेकॅनिकनं बॉनेटकडं बघितलंही नाही. मागच्या सीटला कान लावून म्हणाला, "पेट्रोलचा पंप जाम झालाय. टाकीच्या आतच असतोय त्यो. पेट्रोलात बुडून ऱ्हायला तर गार ऱ्हातोय. टाकीत किती ठेवता?"

मी आबांकडं, म्हणजे वडिलांकडं पाहिलं. आबांनी आभाळाकडं पाहिलं. आमच्या टाकीत पेट्रोल कायम तळाला असतं, कारण भरल्या टाकीची गाडी भावकी मागून नेते. 'पेट्रोलच न्हाई' म्हटलं की मागणारा चहा पिऊन परत जातो. हे आबांचं धोरण, गावभर माहीत असलेलं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान.

"भावकी थांबली, पर पंपबी थांबला की आबा," मेकॅनिक म्हणाला. नवा पंप शिरूरहून यायला संध्याकाळ होणार होती. मग त्यानं गाडीखाली शिरून लाकडी ठोकळ्यानं टाकीला दोन दणके दिले. मी चावी फिरवली, गाडी सुरू झाली. "आता केडगाव येईपातुर बंद करू नका. बंद पडली तर मला फोनबी करू नका."

भीमेचा पूल ओलांडला आणि बायकोचं लक्ष पेट्रोलच्या काट्याकडं गेलं. "एवढ्यावर पोचतोय का आपण?"

पेट्रोल पंपावर गाडी घेतली. तिथला माणूस म्हणाला, "गाडी बंद करा."

"बंद केली तर चालू होणार नाही."

"चालू ठेवली तर पेट्रोल मिळणार न्हाई."

"त्याचं बरोबर हाय," आबा मागून म्हणाले.

बंद केली. टाकी जन्मात पहिल्यांदा काठोकाठ भरली आणि गाडी हलेना. ढकलून रस्त्याकडेला नेली. मी आडवा होऊन नव्या चपलेनं टाकी बडवत होतो, तोवर बायकोनं त्याच लग्नाला पाण्याचे जार घेऊन चाललेला टेम्पो थांबवला. "तुम्ही व्हा पुढं. आबांना घेऊन येते मी मागनं."

मांडवात मंगलाष्टका चालू होत्या. मामासाठी वेळ काढायला बहिणीनं करवल्यांना दोन-दोनदा गायला लावलं होतं. एकीचा आवाज पार बसलेला. बहिणीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू पंप मीच आतून धरून ठेवला होता.

मी नवरीच्या मागं जाऊन उभा राहिलो. भाची मान न वळवता पुटपुटली, "आलात का मामा?"

"आलो बाई."

"जीवात जीव आला. पण शालूला हात लावू नका, हात काळे असतील तुमचे."

मी हात पाठीमागं बांधले.