खंडेनवमीला पुसलेला सर्व्हर

हे मी आजवर कोणाला बोललो नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इथे जागा निघाल्याचं मला कळवलं ते रंजनाताईंनी — माकुणसारला आमच्या शेजारी राहतात, कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत. चाळिशी उलटल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या. मालाच्या तपासणीचे रिपोर्ट त्याच सर्व्हरवर भरायच्या. केवढा अभिमान होता त्याचा त्यांना!

खंडेनवमीला आमच्याकडे जो तो आपलं यंत्र पुसतो, झेंडूची माळ घालतो. मला वाटलं — आपण सर्व्हर आतूनही साफ करावा. ताईंच्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाईल दिसली. नाव म्हणजे नुसती चांदणी — *. ती काढायला मी rm ही पुसण्याची कमांड लिहून पुढे चांदणी टाकली. अशी उघडी चांदणी म्हणजे सर्व्हरच्या लेखी ‘इथलं सगळं’. अवतरणचिन्हांत घातली असती तर तेवढी एकच फाईल गेली असती. हे मला ठाऊक नव्हतं का? पालघरच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण खाली आरती सुरू झाली होती — मी घाई केली.

सगळे रिपोर्ट गेले. बॅकअप? तो घेणं माझंच काम. महिनाभर घेतला नव्हता.

इथवर चूक म्हणता येईल. पण पुढचं? आपण दिलेल्या कमांडची यादी सर्व्हर जपून ठेवतो — ती मी पुसली. मग प्रसादाला खाली गेलो.

दसऱ्यानंतर महिन्यापूर्वीच्या बॅकअपमध्ये ती चांदणी पाहून साहेबांनी ताईंना बोलावलं. “फायलींना असली नावं देता कशाला?”

“काम पुरं झालं का चांदनी काढते, सायेब. शालेत बाई काढायच्या तशी.” मग हळूच म्हणाल्या, “माजाच हात लागला असंल.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो — “शक्य आहे.”

दोनच शब्द. ताईंना कॉम्प्युटरवरून उठवून लॅबची काचेची भांडी धुवायला लावलं. अजून तेच करतात.

दर खंडेनवमीला त्या सर्व्हरसाठी माळ ओवून आणतात आणि माझ्या खोलीच्या दारातच थांबतात.

“तूच घाल रे बाबा. माजा हात नको लागाया.”

मी माळ घेतो — आणि घालतो.