जितके बूट तितके आवाज

आधी दारावर तीन थापा. मग पायरीजवळच्या खोक्यातले बूट मोजायचे. मग खणखणीत हाक: "ओहायो! सकाळ झाली! सगळे उठलात?" आतून कुणी झोपेत "हो, हो" म्हटलं तरी आजोबा हलत नसत. "बूट चार जोड आहेत. आवाज एकच आला." उरलेले तीन ऐकू येईपर्यंत बर्फात उभे. तान्हं मूल असेल तर त्याला रडवा, पण आवाज ऐकवा.

माझा त्यांच्यावर राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी नवऱ्याच्या व्हिसावर कावासाकीला आले. तो सॉफ्टवेअरमध्ये. मी आधी कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, तासांवारी बाइतो केला, मग जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकायला लागले. जपानात कुणी घासाघीस करत नाही म्हणतात. माझ्याशी करतात.

नागानोच्या डोंगरातल्या एका तळ्याकाठी मला पाच घरं दिसली. तिथल्या एका म्हाताऱ्याने, म्हणजे याच आजोबांनी, स्वतः बांधलेली, चाकांवरची लाकडी घरं. गाडीमागे ओढत गोठलेल्या तळ्यावर न्यायची, चाकं वर उचलली की घर बर्फावर बसतं. घराच्या लाकडी जमिनीत दोन गोल भोकं, त्यांना झाकणं. आत स्टोव्हपाशी बसून भोकातून गळ सोडायचा आणि बोटभर मासे काढायचे. पण हल्ली तळ्यावर घरं पेलण्याइतका बर्फ धरत नव्हता. घरं काठावर नुसती उभी होती.

माझं डोकं लगेच चाललं. तुम्हीही पाहिलं असेल, इथे राहणाऱ्या आपल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना पोरांना बर्फ दाखवायचा असतो, पण तंबूत झोपायचं नसतं. यांना अशी घरं द्यायची, थेट बर्फात!

आजोबा चार घरं द्यायला तयार झाले. पाचव्यात ते स्वतः राहत. मी म्हणेन त्या भावाला मान हलवत होते, त्यामुळे भांडायची मजाच गेली. अट एकच. "रात्री एक झाकण मूठभर उघडं ठेवायचं. घराला नाक हवं."

"ठेवीन की," मी म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

पहिल्याच आठवड्यात तक्रारी. भोकातून गार वारा येतो. मुलीचा मोजा खाली पडला. मी चारही घरांत झाकणांवर प्लायवूड ठोकलं, वर गालिचा टाकला. खालून वारा नको म्हणून घरांभोवती बर्फाचे बांधही घातले. पाहुणे खूश. आजोबा रोज विचारत, "कावासाकी-सान, नाक उघडं आहे ना?" माझं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. पाहुण्यांच्या घरात ते पाऊल टाकत नसत, हे मला ठाऊक होतं. मी म्हणायची, "आहे."

सकाळच्या थापांवरून मात्र मी भांडले. "आजोबा, घरं आता माझी आहेत. लोक सुट्टीवर येतात."

"हो."

"मग सातला दार का बडवता?"

"त्याआधी अंधार असतो, बूट दिसत नाहीत," ते शांतपणे म्हणाले.

त्या रविवारी मी दूध-ब्रेड घेऊन तळ्याशी पोचले तेव्हा तिसऱ्या घराचं दार बिजागरीसकट बर्फात पडलं होतं. आजोबांच्या हातात पहार. तोक्योतल्या कोतोहून आलेलं मराठी जोडपं आणि त्यांची मुलगी रजया गुंडाळून बाहेर बसली होती. बाई ओकत होती, मुलगी पांढरीफटक. मी सगळं पाहिलं आणि मला दिसलं फक्त दार.

"वेड लागलंय का तुम्हाला? लोकांना असं घाबरवतात? माझं दार फोडलंत!" अर्धं जपानीत, अर्धं मराठीत. शेजारच्या घरांतली माणसं बाहेर आली, तरी माझं तोंड थांबेना.

आजोबांनी पहार खाली ठेवली आणि कमरेतून वाकले. "दाराबद्दल क्षमा करा. बूट तीन जोड होते. आवाज एकही आला नाही."

तेवढ्यात त्यांनीच बोलावलेली रुग्णवाहिका आली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, स्टोव्हचा विषारी धूर. आणखी थोडा वेळ गेला असता तर तिघंही उठली नसती. त्या बाईचा नवरा खाली मान घालून म्हणाला, "फोडणी टाकली की तो भिंतीवरचा धुराचा गजर किंचाळायचा हो, म्हणून आम्हीच सेल काढले." चूक त्यांचीही होती. पण भोकं मीच बुजवली होती, आणि रोज "आहे" मीच म्हणत होते.

त्याच दुपारी मी चारही घरांतलं प्लायवूड उपटलं. आजोबांच्या समोर जायचं धाडस होईना. पुढच्या शनिवारी गेले तर तिसऱ्या घराला नवं दार. स्वतः रंधून, रंगवून बसवलेलं. ते बाहेरगावी गेले होते. तोंड उघडायलाही मला जागा ठेवली नाही. माझ्यासारख्या बाईची क्षमा मागायची, वर दार करून द्यायचं आणि निघून जायचं! हाच तो राग.

कावासाकीच्या फ्लॅटमध्ये पहाटे मला जाग येते. मी नवऱ्याला हलवते. "काहीतरी बोल."

"अगं, काल बोललो की," तो कुशीवर वळत म्हणतो. तेवढं पुरतं. मग मी मुलाच्या खोलीत जाते. तो जपानीत चिडतो. तेही पुरतं.

पुढच्या हिवाळ्यात मी काय बोलायचं ते गाडीत घोकत तळ्यावर गेले. गळ भाड्याने देणाऱ्या दुकानातली बाई म्हणाली, आजोबा पानगळीतच गेले. मग चहा ओतत तिने सांगितलं, की तरुणपणी त्यांनी पहिलं घर बांधलं ते धाकट्या भावासाठी. खिडकी-दार एकदम घट्ट, कुठे फट नाही, त्याचा त्यांना फार अभिमान होता. भाऊ हौसेने रात्री तिथेच झोपला. सकाळी दार आजोबांनीच उघडलं.

त्या वर्षी तळं गोठलं होतं. पाचवं घर काठावर बंद होतं. मी त्याच्यासमोर उभी राहून आधी भांडलेच. "सांगायचं होतंत ना मला! नाक काय, नाक! सरळ सांगितलं असतंत तर मी ऐकलं नसतं का?"

नसतं ऐकलं. ते मलाही कळलं, आणि मग जपानी आठवेना. मी मराठीतच म्हटलं, "आजोबा, चूक माझी होती."

तळ्याच्या मध्यातून एक लांब, खोल आवाज उठला आणि बर्फाखालून काठापर्यंत धावत आला. थंडीने बर्फ आकसतो तेव्हा असा आवाज होतो, हे मला माहीत आहे. तरी दुसरा येईल म्हणून मी बराच वेळ तिथे उभी राहिले.