तीस लाइफचा चॅम्पियन

माणसाच्या नावावर एखादा तरी पराक्रम असावा. मनीषनगरच्या सुशील ठवकरच्या नावावर एक होता, आणि तो त्याने तेराव्या वर्षीच उरकून टाकला होता. रघुजीनगरच्या क्वार्टरांत, चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात, जंगलातून गोळ्या झाडत जाणाऱ्या शिपायाचा व्हिडिओ गेम त्याने शेवटपर्यंत संपवला. दुसऱ्या कुणालाही ते जमले नाही. पुढे तो इंजिनियर झाला, मिहानमधल्या एका कंपनीत टीम लीडर झाला, पण तसा कुणीही होतो. हिमानीला बघायला गेला तेव्हा पगाराच्या आधी त्याने हा गेम सांगितला. तरीही तिने होकार दिला, यावरून तिच्या स्वभावाची कल्पना यावी.

हरलेल्या पक्षाचे नाव धर्मेंद्र. त्याची कॅसेट मामाने मुंबईहून आणलेली, आणि तिच्यात म्हणे खराबी होती. सुशीलच्या कॅसेटमध्ये तीस लाइफ मिळायच्या, हिच्यात तीनच. पोरांनी तिच्यात फुंकर मारली, रुमालाने पुसली, वर उन्हातही ठेवून पाहिली. तीनच. तेवढ्यांवर धर्मेंद्र सहाव्या स्टेजपर्यंत जायचा आणि मरायचा. एकदा त्याने सुशीलची कॅसेट मागितली, तेव्हा चॅम्पियन आपली कॅसेट उसनी देत नसतो असे त्याला कळवण्यात आले. पोरांनी त्याला 'सहावी नापास' म्हणायला सुरुवात केली. बाकीचे विसरले, पण धर्मेंद्रने सीताबर्डीत मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकून वीस वर्षे झाली, तरी सुशील त्याला फोनवर याच नावाने हाक मारत असे. मैत्री जुनी असली की असे चालते.

यंदा सुशीलने फ्लॅश कार्ट्रिज मागवले. म्हणजे कॅसेटच, फक्त तिच्यात नखाएवढे मेमरी कार्ड बसते आणि त्या कार्डात जुन्या काळचे झाडून सगळे खेळ मावतात. सुशीलला मात्र सगळे अस्सल हवे होते. म्हणून कॅसेट लावायचा डबा जपानी, टीव्ही भंगारातून आणलेला, जुना, मागे पोट असलेला, आणि कार्डातला प्रत्येक खेळ मूळ कंपनीने काढला तसाच, नकली एकही नाही. तीन आठवडे तो खेळांची यादी अकारविल्हे लावत होता.

"तीन हजार खेळ," हिमानी म्हणाली, "अन् खेळून कोणीच नाही राहिलं."

मग त्याने धर्मेंद्रला रविवारी जेवायला बोलावले. ये, तुझ्यासमोर पुन्हा संपवून दाखवतो, असेही सांगून टाकले. फोन ठेवल्यावर सराव म्हणून तो खेळ लावला. कोपऱ्यात आकडा आला, तीन. दीड मिनिटात खेळ संपला. पहिल्या स्टेजच्या शेवटची भिंतसुद्धा दिसली नाही.

साहजिकच त्याने कार्ट्रिजला दोष दिला. इंटरनेटवर जुन्या खेळांच्या शौकिनांच्या एका मंडळावर त्याने तक्रार टाकली, तेव्हा कुठल्या तरी थंड देशातल्या गृहस्थाने नम्रपणे कळवले, की मूळ खेळात तीनच लाइफ असतात. तुमच्याकडच्या बाजारातल्या नकली कॅसेटवाल्यांनी गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून त्या तीस केल्या होत्या. वर त्याने तो नकली खेळही पाठवला. कार्डात टाकायला अर्धे मिनिट लागले.

रविवारपर्यंत सुशीलने अस्सल खेळावर जिवापाड मेहनत केली आणि दुसऱ्या स्टेजपर्यंत मजल मारली. शेवटी त्याने ठरवले, की तीस लाइफवालाच लावायचा. कोपऱ्यातला आकडा कोण पाहतो?

धर्मेंद्र आला, वांग्याची भाजी दोनदा मागून जेवला आणि टीव्हीसमोर बसला. सुशीलने यादी उघडली. एकाखाली एक त्याच खेळाची दोन नावे होती, वर अस्सल आणि खाली तीस लाइफवाला. धर्मेंद्रने चष्मा कपाळावर चढवला आणि सहज म्हणाला, "पहिले मी मरून घेतो, मंग तू दाखव."

रिमोट त्याच्या हातात देताना सुशीलला काय झाले कोण जाणे, त्याने वरचे नाव दाबले. अस्सल.

धर्मेंद्र तीस वर्षांनी खेळत होता. पहिली भिंत पडली, धबधबा गेला. तिसऱ्या स्टेजला एक लाइफ गेली, पाचव्या स्टेजला दुसरी. सहावी स्टेज लागली तेव्हा हिमानी हात पुसत दारात उभी होती.

"धर्म्या," सुशील म्हणाला, "तुह्या कॅसेटीत खराबी नव्हती गा. खराबी माह्या कॅसेटीत होती."

"माहीत हाय."

"मंग तेव्हा काहून नाही बोलला?"

"बोललो होतो ना बे. तूच म्हणाला, हरला का माणूस कॅसेटले नावं ठेवते."

हिमानीने नवऱ्याकडे एकदाच पाहिले. लग्नाआधी ऐकलेल्या गोष्टीची दुरुस्ती पंधरा वर्षांनी हाती पडावी, तशी तिची नजर होती.

सुशीलने मोबाइल काढला. क्वार्टरांतल्या पोरांचा एक ग्रुप आहे, त्यावर त्याने लिहिले, 'चौऱ्याण्णवचा खरा चॅम्पियन धर्मेंद्र. माझ्या कॅसेटमध्ये तीस लाइफ होत्या, त्याच्या तीन. आपण त्याला उगाच सहावी नापास म्हटलं.' पाठवले आणि शिव्यांची वाट पाहत बसला.

दोन अंगठे आले. चंद्रभानने विचारले, "कोणता गेम?" त्यावर कुणीतरी सावजीच्या नव्या हॉटेलचा पत्ता टाकला. तीस वर्षे जपलेला पराक्रम सोडायला निघावे, तर तो कुणाच्या लक्षातच नसावा!

धर्मेंद्रचा फोन खिशात वाजला. त्याने खेळ थांबवला, चष्मा डोळ्यांवर घेतला, मेसेज दोनदा वाचला आणि आपल्या बायकोला पाठवून दिला.