वीस मिनिटं थांबायचं नाही

हसा, पण चहाचा घोट गिळून मग हसा. कारण मी केलंय ते ऐकून ठसका लागलेली माणसं मी पाहिली आहेत!

सोलापुरात माझं चादरींचं दुकान. मालासाठी डिझेलची व्हॅन घेतलेली. गोदाम ते दुकान, दुकान ते ट्रान्सपोर्ट ऑफिस, एवढाच तिचा संसार. आणि चाळीसच्या वर मी काटा कधी जाऊ दिला नाही. डिझेल काय झाडाला लागतं?

माझ्या भाच्याचं, सचिनचं, लग्न बार्शीला ठरलं. नवरदेवाला मांडवात पोचवायचा मान कुणाचा? मामाचा! शेजारी फेटा बांधलेला सचिन, मागे त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, आणि चार बायका. सोलापूरहून असे निघालो की सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकत होते.

बार्शी पाच-सहा किलोमीटरवर आली आणि समोर काट्याशेजारी पिवळा दिवा लागला. चौकोनात ठिपके. गाडी बाजूला घेतली आणि माझ्या मेकॅनिकला, आरिफला, फोन लावला.

"काका, डरना नक्को," तो म्हणाला. "धुराची काजळी फिल्टरमधी भरलीया. हळूहळू फिरवून तुमीच भरवलीया. आता साठच्या वर पळवा, वीस मिनिटं. आतल्या आत जळून जाती. मधी थांबू नका, गाडी बंद करू नका."

"आणि नाही जळली तर?"

"मग एक दिवस फिल्टर जाम, गाडी उभी!"

त्यातलं 'एक दिवस' मी ऐकलंच नाही. 'गाडी उभी' तेवढं ऐकलं आणि सुटलो.

साठ! गाडीचाच विश्वास बसेना. मागे बायका एकमेकींच्या अंगावर. सहाव्या मिनिटाला मंगल कार्यालय आलं. दारात वाजंत्री, मुलीची आई ओवाळायला ताट घेऊन, वडील हार घेऊन. आम्हाला बघून सनईवाल्यानं सनई तोंडाला लावली.

मी घड्याळ बघितलं. चौदा मिनिटं बाकी!

"मामा, कार्यालय आलं!" सचिन ओरडला.

"दिसलं! थांबायचं नाही!"

आणि नवरदेवासकट आम्ही पुढे निघून गेलो.

आता एक गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते. या मुलीचं आधी एक लग्न मोडलं होतं. मांडव घातलेला, आणि मुलाकडचे आलेच नव्हते. हे मला माहीत होतं हो! पण त्या घडीला डोक्यात नुसती काजळी.

गावात न शिरता बाहेरच्या रस्त्याला वळलो. आरशात बघतो तर मोटरसायकलवर मागच्या सीटवर मुलीचे वडील! हारासकट हात हलवत होते. काय प्रेमळ पाहुणे, म्हणून मीही हात हलवला आणि पाय अजून दाबला.

तेवढ्यात सचिनचा फोन वाजला. नवरी, माधुरी.

"कुटं चाललाय तुमी?"

"अगं, मामा काजळी जाळतायत!"

"काय जाळत्यात?"

"दहाच मिनिटं! मग येतो!"

"लगीन करायचं नसंल तर सरळ सांगा की!" आणि हुंदका. फोन मोठ्या आवाजावर होता, गाडीत सगळ्यांनी ऐकला.

अक्कानं मागून माझ्या पाठीत धपका घातला. "अय्यो, मल्लू! पोरगी रडतीया तितं. फिरव गाडी!"

तेव्हा कुठे मला कळलं आपण काय करून बसलोय. लगेच गाडी फिरवून, त्याच वेगानं परत. आणि कार्यालयाच्या दारात शिरताना तो पिवळा दिवा गेला!

मी उडी मारून खाली. समोर मुलीची आई, डोळे सुजलेले, हातात निरांजनाचं ताट. आणि मी काय ओरडलो माहितीये?

"विझला! दिवा विझला एकदाचा!"

अहो, लग्नाच्या दारात! दिवा 'विझला' म्हणू नये, 'शांत झाला' म्हणावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वाजंत्री गप्प. एक म्हातारी मटकन खाली बसली.

मागून मोटरसायकल आली. मुलीचे वडील उतरले. हाराची निम्मी फुलं वाटेत गळालेली. आता लग्न मोडतंय, तेही माझ्यापायी, असं वाटलं. हात जोडून सगळं सांगितलं, ठिपक्यांसकट.

ते हळूच म्हणाले, "म्हंजी नवरदेव पळत नव्हता?"

"नाही हो! गाडी पळत होती."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिवा गेला म्हंजी पोरीची इडापिडा गेली! वाजवा रं!" आणि तो उरलासुरला हार सचिनच्या गळ्यात घातला.

त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. चारचौघांत माझी सालटी काढायचा त्यांना पुरा हक्क होता. त्यांनी माझा मूर्खपणा शुभशकुन करून टाकला!

लग्न मुहूर्तावर लागलं. जेवण झाल्यावर आरिफला फोन करून त्याचेही आभार मानले, सगळी हकीकत सांगितली. तो आधी पोटभर हसला.

"या खुदा! काका, मांडवात थांबला असता तरी काय बिघडत न्हवतं. परतीच्या वाटंवर जाळायची की काजळी!"

संध्याकाळी नवरानवरीला घेऊन सोलापूरला आलो. घरासमोर गाडी उभी केली. सगळे उतरले, माधुरी काही हलेना.

"उतर की बाळ, घर आलं."

ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मामा, नक्की थांबलाय न्हवं? का अजून एक चक्कर हाय?"