रुक्माबाईची हाळी

परभणीच्या कोर्टात लिंबाखाली एक टेबल, दोन खुर्च्या, एवढंच आमचं ऑफिस. पक्षकार सुटून जातात, फायली वाळवी खाते, किस्से मात्र राहतात. दुपारी डोळा लागला की तेच येऊन समोर बसतात!

* * *

आमचे सीनियर आबासाहेब. कोर्टात त्यांची नजर कायम खिडकीबाहेर. एकदा जामिनाच्या अर्जावर सरकारी वकील तासभर बोलले आणि आबा पारवे बघत बसले.

जजसाहेब वैतागले, "वकीलसाहेब, तुमचं काही म्हणणं?"

आबा दचकून उठले. "एवढंच साहेब, की अशी खिडकी बघायला माझा आरोपी दोन महिने तरसतोय."

जामीन मंजूर!

* * *

एकदा वालूरचा एक म्हातारा जामीनदार म्हणून उभा राहिला. जजसाहेबांनी विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

"दुश्मन."

"मग जामीन कशाला राहताय?"

"त्यो आत बसल्यावर बांधाचं भांडण कुणासंगं करू साहेब? लय दिस झाले, करमंना मला!"

* * *

पेडगावच्या एकाला जामिनाची अट होती, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. पुढे तो निर्दोष सुटला, तरी सोमवार काही चुकवेना. शेवटी ठाण्यातून मलाच फोन, "वकीलसाहेब, सांगा हो याला, सुटलाय तो!"

मी विचारलं तर म्हणाला, "घरी 'आलास का' म्हणून कुणी इचारत न्हाई. तिथं सही तरी घेत्यात."

मला हसू आलं आणि मग दिवसभर काही सुचलं नाही.

* * *

आणि रुक्माबाई. पालमकडची मेंढपाळीण. चराईवरून नवऱ्याची दोनदा मारामारी झाली होती, दोन्हींत जामीन मिळाला होता. तरी कलेक्टरसाहेबांचा हुकूम निघाला, हा माणूस धोकादायक, वर्षभर स्थानबद्ध!

"पण केलं काय त्यानं?" तिनं विचारलं.

"केलं नाही. पुढे करेल असं साहेबांना वाटतं," आबा म्हणाले.

"म्हंजी सपान सायबाला पडलं, अन् तुरुंगात माझा माणूस?"

आबांनी कोरा कागद पुढे ओढला.

हायकोर्टातल्या अर्जासाठी नवऱ्याचं नाव विचारलं तर तिनं मान फिरवली. "आमी नाव घेत न्हाई." शेवटी मी ते आधार कार्डावरून उतरवलं.

तिचा घोर वेगळाच होता. मेंढरं त्याच्या हाळीशिवाय हलत नव्हती, आणि त्याच्यावाचून चाऱ्याला दूर निघणार कसं? म्हणून तुरुंगातल्या भेटीत जाळीपलीकडून तो तिला हाळी शिकवायचा. सरकारनं हायकोर्टात लेखी दिलं, 'हा साथीदारांना गुप्त इशारे देतो!'

जजसाहेबांनी चष्म्यावरून विचारलं, "कसले इशारे?"

आबा म्हणाले, "साहेब, साथीदार मागच्या बाकावर बसलीय. ऐकता का?"

जजसाहेबांनी मान हलवली. रुक्माबाई उठली, पदर सावरला.

"हुर्रऽऽ... आऽऽ... ये ये येऽऽ!"

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर ओल्या गवताचा वास आला. आबा खिडकीबाहेर बघत होते, आणि या वेळी जजसाहेबही.

मग जजसाहेबांनी विचारलं, "याचा अर्थ?"

"अर्थ काई न्हाई, सायब. आवाज वळखला की मेंढरं माघारी फिरत्यात."

निकाल लागला. सरकारला जामीन खटकत होता तर तो रद्द करायला अर्ज करायचा होता. नुसत्या भीतीपोटी माणूस कोंडता येत नाही. हुकूम रद्द!

* * *

सुटकेच्या दिवशी आम्ही तुरुंगासमोर, रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी उभे होतो. तो पिशवी घेऊन बाहेर आला, उन्हानं डोळे दिपले, आणि भलत्याच दिशेला गर्दीतून चालू लागला.

मी म्हणालो, "मावशी, हाक मारा! आज तरी नाव घ्या!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच वेडा. मग तोंडाशी हात धरला.

"हुर्रऽऽ... आऽऽ... ये ये येऽऽ!"

रस्त्यावरची सगळी माणसं थांबून बघायला लागली. माघारी फिरला तो एकटाच.