दुसऱ्याच्या दारातली मरळ

या माणसाबरोबर मासे धरायला जाऊ नये, असं मला त्याच्या बायकोनेच बजावलं होतं. मी ऐकलं नाही. तो माझा शेताचा शेजारी. डिंभ्याच्या धरणात त्याचं गाव बुडालं, तेव्हा त्यांना आमच्या खोडदला जमीन मिळाली, आमच्या बांधाला बांध लागून. आता आम्हा दोघांचे केस पांढरे झालेत, तरी त्याची म्हातारी आई मला अजून 'पावणं' म्हणते. जमीन माझ्या आज्याची, आणि पाहुणा मी.

तिच्यासाठीच निघालो होतो. ताप उतरला तरी म्हातारी ताटाला हात लावत नव्हती. सलाइन झालं, टॉनिक झालं. शेवटी एका सकाळी म्हणाली, "आपल्या तिकडची मरळ आसंल तर खाईन." मरळीला काटे कमी, आजाऱ्याला चांगली. मी म्हटलं, नारायणगावच्या बाजारातून आणू, मासा तो मासा. शेजाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप मोटरसायकलला किक मारली.

संक्रांत होऊन गेली होती. कालव्याला पाणी सुटल्यामुळे धरण थोडं उतरलं होतं आणि बुडालेल्या घरांची जोती पाण्याखाली गळाच्या टप्प्यात आली होती. मरळ त्या दगडांच्या कपारीत बसते. ओळखीच्या एकाची पत्र्याची होडी मिळाली. तिला भोक होतं. एकाने वल्हवायचं आणि दुसऱ्याने डब्याने पाणी उपसायचं. दुसरा कोण, हे सांगायला नको.

मध्यावर गेल्यावर मी गळाला गांडूळ लावून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडणार, तेवढ्यात तो ओरडला.

"हितं नगं! ही पाटलाची पडवी हाय."

खाली काळं पाणी. मला ना पडवी दिसत होती, ना पाटील. मग त्याने नियम सांगितला. पाणी चढलं त्या वर्षी त्यांच्या गावकीने ठरवलं होतं, की ज्याने त्याने आपल्याच दारात गळ टाकायचा. चुकून दुसऱ्याच्या दारात मासा लागला, तर अर्धा वाटा त्या घराला पोचवायचा.

"अरे, घरं बुडाली ना?"

"घरं बुडाली. दारं कुटं बुडाली?"

मी गळ गुंडाळून पुन्हा डबा हातात घेतला. डोंगराची खिंड आणि काठावरचा एक आंबा एका रेषेत आणत तो होडी पुढेमागे करत राहिला. ही चावडी, हे त्या मामाचं परडं, ही गल्ली. पाण्यावर गल्ली! अखेर खिंड आणि आंबा जुळले. "हे आमचं घर," म्हणत त्याने दोराला दगड बांधून खाली सोडला.

त्याच्या घरावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. माझे दोन गळ दगडात अडकून तुटले. मासा सोडा, बेडूकही फिरकला नाही. भूक लागली म्हणून मी भाकरी मागितल्या, तर त्या मोटरसायकलच्या डिकीत राहिल्या होत्या. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "वरडू नगंस, मासं पळत्यात."

त्यात दगडाची गाठ सुटली. गाठ त्याने मारली होती, हे इथे नोंदवून ठेवतो. वाऱ्याने होडी उगवतीला सरकली, आम्ही भांडण्यात गुंतलेलो, आणि माझा तंगूस एकदम ताणला. हाताएवढी मरळ! मी आनंदाने ओरडलो. तो मात्र खिंडीकडे आणि आंब्याकडे पाहत बसला.

"पल्याडच्यांच्या दारात आलोय," तो म्हणाला. "वाटा द्यावा लागंल."

पल्याडचे म्हणजे त्यांचे तिथले शेजारी, आता नारायणगावच्या अलीकडे एका वस्तीवर राहणारे. दोन घरांमधल्या भिंतीवरून त्यांचं बोलणं बंद होतं. भिंत पाण्यात गेली तरी अबोला कोरडाच. मी म्हटलं, "म्हातारी तिकडं उपाशी आहे आणि तू अर्धा मासा भांडकुदळांना वाटतोस? कुणाला कळणार आहे?"

"आयेला कळंल. ती इचारती."

मंचरपासून टोमॅटोच्या गाड्यांमागे धूर खात आलो. हायवे सोडून वस्तीवर गेलो. पल्याडच्यांचा म्हातारा कांद्याला पाणी देत होता. शेजाऱ्याने पिशवी पुढे केली. म्हाताऱ्याने मरळ पाहिली आणि विचारलं, "आमच्या दारातली?" याने मान हलवली. तो आतून विळा घेऊन आला, मासा मधोमध कापला आणि शेपटाकडचा वाटा ठेवून घेतला.

"डोक्याकडचं तुज्या आयेला," तो म्हणाला. "तिला डोकं लागतं."

बस्स, एवढंच. चहासुद्धा नाही.

दिवेलागणीला कालवण झालं. म्हातारीला उशीला टेकवून बसवलं. तिने वाटी पुढे ओढली आणि विचारलं, "कुनाच्या दारातली?"

"पल्याडच्यांच्या."

"वाटा दिला?"

"दिला. डोकं तुला धाडलंय त्यांनी."

तिने वाटीतलं डोकं बोटाने उलटवलं. "म्हाईत हाय व्हय त्याला अजून," म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो खाल्ला. मग दुसरा. शेजारी दाराकडे तोंड करून उभा राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

अर्धी भाकरी संपल्यावर तिने विचारलं, "आपलं घर कोन्च्या खुनंनं धरलं व्हतं?"

"खिंड आन आंबा. एका रेघंत. मंग दगूड सुटला नि व्हडी उगवतीला सरकली."

"आरं खुळ्या, त्या खुनंनं आपला गोठा लागतो! घर गोठ्याच्या उगवतीला." तिने बोटांवर हिशेब केला. "म्हंजी सरकून आलात ते आपल्याच दारात की रं."

मी डोक्याला हात लावला. दिवसभर आम्ही गोठ्यावर गळ टाकून बसलो होतो, आणि अर्धी मरळ फुकट वाटून आलो होतो.

"परत आणू का?" मी चिडून विचारलं.

म्हातारी हसायला लागली. इतके दिवस ज्या तोंडात घास जात नव्हता, ते बोळकं उघडून हसत होती. "ऱ्हाऊ द्या. खाऊ द्या त्याला," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पानी उतरंल, तवा मी येते संगं. तुमाला दोघांना दार गावत न्हाई."

त्या दिवशी सकाळपर्यंत त्या घरात तिच्यासमोर उद्याचं कुणी बोलत नव्हतं. ती उन्हाळ्याचं बोलत होती. शेजाऱ्याने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं.

"येईन," मी म्हटलं. "पण भाकरी माझ्याकडं राहतील."